मागच्या काचेवरची हजेरी

मंडळी, आधीच सांगून ठेवतो — माझी नोकरी दूध संघात, दूध तपासायची. उभी हयात लॅक्टोमीटर हातात धरून गेली. गवळी देवाची शपथ घेऊन सांगतो "पाणी न्हाई घातलं सायेब", आणि काटा सांगतो घातलंय. मी काट्याचं ऐकतो. त्यामुळे भूत, आत्मा, संकेत वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. इथं लोकांनी लिहिलेले अर्धे किस्से वाचून मी "काहीही" म्हणून पुढे गेलोय. आज मलाच लिहायची वेळ आली... घ्या, हसा आता.

दोन हजार सालानंतरचा तो दुष्काळ बीडवाल्यांना आठवत असेल. नळाला पाणी नाही, टँकर आला की गल्लीत भांडणं. आणि त्या बीडमध्ये आम्हा तिघांना जपानी गाड्यांचं वेड. फारूककडे लान्सर — एका साखर कारखान्याच्या माजी चेअरमननं वापरून सोडलेली. माझी एस्टीम, अजूनही आहे. आणि दिलीपची हिरवी झेन. दिलीपचं बस स्टँडजवळ रेडियमचं दुकान. नंबरप्लेट, स्टिकर, ट्रकमागची नक्षी, सगळं तो हातानं कापायचा. झेनला त्यानं रुंद चाकं बसवली, पिवळे फॉग लॅम्प लावले, गिअरची मूठ बाभळीच्या लाकडाची स्वतः घासून केली. सायलेन्सरचा आवाज असा, की माझी बायको घरातून म्हणायची, "आला तुमचा जपानी."

लोक घागरी घेऊन रांगेत उभे आणि आम्ही गाड्या धुणार? लाज वाटली. मग ठरलं — दुष्काळ हटेपर्यंत गाडीला पाणी लावायचं नाही. गाड्यांवर बोटभर धूळ. त्या धुळीतून आमचा खेळ निघाला. गावात कुठं दुसऱ्याची गाडी उभी दिसली की मागच्या काचेवर आपली खूण करायची. हजेरी म्हणायचो आम्ही तिला. फारूक उर्दूत सही करायचा, मी दुधाचा कॅन काढायचो, आणि दिलीप नुसता पंजा उमटवायचा, खाली उजव्या कोपऱ्यात. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या करंगळीचं टोक गेलं होतं, त्यामुळे तो पंजा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

नियम एकच. काचेवर हजेरी दिसली म्हणजे तो इथंच कुठंतरी जवळ आहे. दिवस मावळायच्या आत त्याची गाडी शोधायची आणि उलट हजेरी लावायची. कोर्टामागे, बाजारतळावर, कुठं कुठं हिंडलोय आम्ही. पोराबाळांचे बाप होतो, पण सांगतो तुम्हाला, तेवढी मजा परत आली नाही.

त्याच उन्हाळ्यात दिलीपला कावीळ झाली. साधी वाटली होती. गेला. त्याची पोरगी पल्लवी तेव्हा नुकती बोलायला लागलेली. वहिनींना दारातली झेन बघवेना, त्यांनी भावाला सांगून ती विकून टाकली.

आता मधली वर्षं सोडतो. पल्लवी कॉलेजात गेली तेव्हाची गोष्ट. एक दिवस घरी आली, चहाचा कप न पिताच खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, खरं सांगा. बाबाच्या गाडीत वर, छताला, चांदण्या होत्या का?"

मी म्हटलं, कसल्या चांदण्या?

"रेडियमच्या. मी मागं आडवी झोपलेली, आणि वर चांदण्या चमकत होत्या. बाबा पुढून काहीतरी गात होता. मला बाबाचं तेवढंच आठवतं. बाकी सगळं फोटोतलं आहे. आई म्हणती असलं काही नव्हतंच, तू स्वप्नात बघितलं असशील."

मला आठवेना. मी त्या गाडीत कायम पुढं बसलेलो, आणि वहिनींना गाडी लागायची म्हणून त्या बसायच्याच नाहीत. खोटं बोलून पोरीला खूश करता आलं असतं. पण माझी जीभही लॅक्टोमीटरसारखीच, खोटं दाखवत नाही. म्हटलं, "बेटा, मला ठाऊक नाही. पण गाडी शोधतो."

शोधली हो. वहिनींच्या भावानं ज्याला विकली त्यानं पुढं विकलेली, त्यानं आणखी पुढं. फारूकला फोन केला तर तो म्हणाला, "कवाच भंगारात गेली असंल बे ती. कावून पोरीला आशा लावतो?" मीही मग विषय काढणं बंद केलं. पल्लवी विचारायची नाही, नुसती बघायची. ते जास्त लागायचं.

आणि परत दुष्काळ पडला. चारा छावण्या लागल्या, जनावरं तिकडं, संघाचं दूध निम्म्यावर. गेवराई तालुक्यात उमापूरच्या संकलन केंद्राची तपासणी होती म्हणून मी सकाळीच एस्टीम घेऊन गेलतो. गाडी अर्थातच न धुतलेली, ती सवय राहिलीच. केंद्रासमोर लिंबाखाली उभी केली. डिकीतून नमुन्याच्या बाटल्या मी स्वतः काढल्या, तेव्हा मागची काच कोरी होती. नुसती धूळ. हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

काम आटपून बाहेर आलो. ऊन चढलेलं, रस्त्यावर कुत्रं नाही. डिकी उघडायला गेलो आणि काचेवर पंजा. खाली, उजव्या कोपऱ्यात. करंगळी आखूड.

भीती वाटली का? नाही. तुम्हाला पटणार नाही, पण मला आधी हसू आलं. मान आपोआप वळली आणि मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी झेन शोधायला लागलो. मग भानावर आलो. तिथंच ओट्यावर बसलो.

केंद्रावरच्या माणसाला विचारलं, "काचेला कुणी हात लावला?"

"न्हाई बा. मी हितंच बसलोय की."

"इथं जवळपास जुनी हिरवी झेन हाय का कुणाची?"

"झेन-बिन न्हाई सायेब. सुमनबाईच्या गोठ्यात एक खटारा हाय, पर तो लाल हाय."

सुमनबाई आमच्याच केंद्राला दूध घालतात. गोठा केंद्राच्या मागच्याच बोळात. जनावरं छावणीवर गेलेली, गोठा रिकामा, आणि कोपऱ्यात कडब्याच्या आडोशाला ती उभी. चाकं नाहीत, लाल रंग फासलेला, आत कोंबड्या. सुमनबाई म्हणाल्या, "भावानं आणलती. इंजन गेलं तवाधरनं कोंबड्या अंडी घालत्यात तिच्यात. लई सोयीची हाय." मी दार ओढलं. गिअरची मूठ बाभळीची. मी तिच्यावर हात ठेवला आणि रडलो, त्या बाईसमोर, कोंबड्यांसमोर. लपवत नाही.

मग वर बघितलं. छताला तपकिरी रेक्झिन मारलेलं. चांदणी एकही नाही. ते फाडायचा धीर मला झाला नाही. आणि तो हक्कही माझा नव्हता.

रविवारी पल्लवीला घेऊन गेलो. वाटेत तिला हजेरीचा खेळ, नियम, काचेवरचा पंजा, सगळं सांगितलं. सुमनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कोंबड्या हुसकावल्या आणि विळा आणून दिला. "फाड माय. तुझ्या बापाची हाय." पल्लवीनं मागच्या बाजूनं रेक्झिन सोडवलं. आतलं कापड मळकट. त्यावर पिवळट ठिपक्यांसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. रेडियमला उजेड मिळावा म्हणून मी मोबाईलची बॅटरी त्यावर धरली, सुमनबाईंनी काचांवर गोणपाट टाकलं. पल्लवी त्या घाणेरड्या सीटवर आडवी झाली. मी बॅटरी बंद केली.

अगदी मंद. पण होत्या. मागच्या सीटवर आडवं झाल्याशिवाय दिसणारच नाहीत अशा लावलेल्या, हातानं कापलेल्या, एकही दुसरीसारखी नाही.

पल्लवीनं हात वर करून एका चांदणीला बोट लावलं. मग आतूनच म्हणाली, "काका, मला वाटायचं बाबा मी मनानंच तयार केलाय."

सुमनबाई पदर डोळ्याला लावून बाहेर गेल्या.

आता तुमचे प्रश्न. फारूकनं चेष्टा केली? तो तेव्हा हैदराबादला मुलीकडे होता, आणि गाडी कुठं आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. एखाद्या पोरानं हात ठेवला, करंगळी जरा उचलली गेली? असेल. मीही तसंच म्हणतो स्वतःला. पण त्याच कोपऱ्यात? आणि झेन मागच्याच बोळात असताना? माझ्याकडचा कुठलाही काटा इथं चालत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, तुमच्याकडे असेल तर खुशाल सांगा.

त्या रविवारी गोठ्यातून निघताना पल्लवीनं विचारलं, "काका, नियमाप्रमाणं तुम्ही उलट हजेरी लावली का?" मी त्या दिवशी विसरलोच होतो. उशिरा का होईना, लावायला हवी. परत गोठ्यात गेलो, झेनच्या मागच्या काचेवर बोटानं दुधाचा कॅन काढला. पल्लवी शेजारी आली, करंगळी थोडी दुमडली आणि खाली उजव्या कोपऱ्यात पंजा ठेवला. बाहेर आलो तेव्हा दिवस मावळायला अजून वेळ होता.