एमूवालं स्थळ

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण निदान आमच्या वर्षासमोर हा विषय काढू नका. घरात आत्ताच कुठे जरा शांतता झाली आहे.

तुम्हाला माहीतच आहे, नागपूरकडच्या माणसाला एक खोड असते. कुठंही अडलं की तो आधी ओळख काढतो. दवाखान्यात रांग असो की पंगतीत पाट नसो, "तुम्ही कोणत्या गावचे?" म्हणून सुरुवात करायची. मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि बघता बघता समोरचा माणूस आपला साडू निघतो! या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. म्हणजे, त्या रविवारपर्यंत धरत नव्हता.

त्या रविवारी वर्षा, म्हणजे आमच्या सौ., भिशीला गेल्या आणि दोन्ही पोरं माझ्या गळ्यात. स्वरा सात वर्षांची, गुड्डू चारचा. काटोल रोडवर एका ढाब्याला लागून कोणीतरी 'एमू पॉइंट' काढलाय, तिथं एमूला, त्या शहामृगासारख्या उंच पक्ष्याला, हातानं दाणे चारता येतात, अशी बातमी स्वरानं शाळेतून आणली होती. मी छाती फुगवून म्हटलं, "चला, आज एमूला चारूनच येऊ!"

पोचलो तर फाटक बंद!

आत चार एमू माना उंच करून आमच्याकडंच बघत होते. शिवाय टर्की, बदकं, सशांचा पिंजरा, आणि वरातीची एक पांढरी घोडी. लग्नाचा सीझन नव्हता, म्हणून बिचारी उभ्या उभ्या पेंगत होती. फाटकाच्या आत खुर्ची टाकून एक चाळिशीचा मिशीवाला बसला होता, गळ्यात दुपट्टा.

"दुपारचं बंद रायते," तो म्हणाला. "जनावरं आराम करून राहिले. चार वाजता या."

गुड्डूनं भोकाड पसरलं. स्वरा रडली नाही. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि ते जास्त वाईट होतं. पोरांपुढं बापाची इज्जत जायची वेळ आली. मग काय, काढलं हत्यार!

"भाऊ, तुम्ही कोन्या गावचे?"

"नरखेडकडचा."

देव पावला की हो! "मंग तर तुम्ही आमच्या सासरचेच! मी तिकडचाच जावई. वामनराव, संत्र्याच्या बागेवाले, त्याइचा."

तो खुर्चीतून हळूच उठला. "वामनरावचे जावई? मोठीचे का लहानीचे?"

"लहानीचे."

त्यानं गळ्यातला दुपट्टा नीट केला. मग त्यानं फाटक उघडलं, झटकून खुर्च्या मांडल्या, पोरांच्या हातात मक्याच्या दाण्यांच्या वाट्या दिल्या आणि मागच्या घराकडं तोंड करून ओरडला, "माय, पाहुणे आले वं! चहा ठेव!"

बघा, याला म्हणतात ओळख! पोरं कुंपणाशी पळाली. एमूनं पहिला दाणा टिपला तशी स्वरा किंचाळली, गुड्डू हसला. काम फत्ते. इथं मी तोंड बंद ठेवायचं होतं. पण ओळख निघाली की ती गप्पांनी पक्की करावी लागते ना?

"तुमचा धंदा पाहून एक गंमत आठवली बरं का," मी सुरू झालो. "माह्या आधी आमच्या मिसेसले एक स्थळ आलं होतं. पोरगा काय करते विचारलं, तर म्हने एमू पाळनार हाये! बरं, पोरगी पाहाले येतानी लोक पेढे आनतेत. हा गडी एमूचं अंडं घेऊन आलता! हिरवंगार, नारळाएवढं!"

"अस्सं? मंग?"

"मंग काय! सासऱ्यानं विचारलं, याचं आमलेट किती मानसाले पुरते? आन् आमच्या वर्षानं तर तोंडावर सांगतलं, एमूवाल्यासंग लगन करन्यापरीस मी बिनलग्नाची राहीन!"

हे शेवटचं मी तिथंच रचलं. किश्श्याला थोडी तर्री लागतेच.

"असं म्हनली थे?" त्याचा आवाज जरा उतरला.

आता तुम्ही म्हणाल, गाढवा, तेव्हा तरी कळायचं होतं! नाही कळलं. आमच्या लग्नाच्या सुमारास एमू पाळायचं खूळ गावोगाव होतं आणि सगळ्यांचेच धंदे बुडाले होते, त्यातला हाच तो असेल हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, माणूस रंगलाय.

"अजूनबी दिवाळीले जमलो का आम्ही सारे त्याची नक्कल करतो!" असं म्हणून मी उठलो आणि, काय बुद्धी झाली, नक्कल करून दाखवली! दोन्ही हातांत अंडं धरलंय, मान ताठ, पावलं जपून जपून. एक एमूसुद्धा दाणे सोडून बघायला आला.

तेवढ्यात एक म्हातारी चहा घेऊन आली. "कोन पाहुने गा?"

"वामनरावचे लहाने जावई, माय."

म्हातारीनं मला खालून वर न्याहाळलं. "अरे बाप्पा! आपन अंडं घेऊन गेलतो, थ्याच घरचे?"

मी तसाच उभा. हात अजून अंडं धरल्यासारखे.

"बसा ना जावईबापू," तो शांतपणे म्हणाला. "चहा थंडा होऊन राहिला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. "भाऊ, मले खरंच मालूम नव्हतं..."

"राहू द्या. तवा सारेच हासत होते. बाकीच्याइनं पक्षी विकून टाकले, माहा जीव नाई झाला." त्यानं एमूच्या मानेवरून हात फिरवला. "तुमचे पोरं मस्त हायेत."

मग त्यानं गुड्डूला घोडीवर बसवून फिरवून आणलं. तिकिटाचे पैसे पुढं केले तर घेईना. जावयाकडून घेतेत का कोनी, म्हणाला. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

परत येताना पोरं गाडीत मागे बसली होती. मग स्वरानं विचारलं, "पप्पा, ते काका आईला पाहायला आले होते?"

"हो."

"आईनं हो म्हटलं असतं, तर ते सगळे एमू आपले असते?"

"आणि घोडी?" गुड्डू.

"घोडी पण," स्वरानं निकाल दिला. गुड्डूनं पुन्हा भोकाड पसरलं, "माझी घोडी!"

मी म्हटलं, "अरे, पण मग मी तुमचा पप्पा नसतो ना!"

दोघांनी त्यावर विचार केला. जरा जास्तच वेळ केला.

घरी पोचलो तर वर्षा दारातच. चप्पलही न काढता स्वरानं तिला धारेवर धरलं, "आई, तू एमूवाल्या काकांना नाही काहून म्हटलं?"

मला सगळं सांगावं लागलं, नकलेसकट. वर्षा ऐकत होती. आधी तिनं विचारलं, "दिसते कसा आता?" मी म्हटलं, "मिशी ठेवली आहे." ती थोडं हसली, आणि ते हसू माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळलं.

"पण तू नाही काहून म्हटलं?" स्वरा काही सोडेना.

"मी कुठी नाही म्हटलं वं?" वर्षा म्हणाली. "नाही तर तुह्या आजोबानं म्हटलं होतं. मले कोनी विचारलंच नाही." मग माझ्याकडं वळली. "आन् तुमच्या वेळेस तरी कुठी विचारलं होतं?"