बोर्डावर माझं अर्धंच वाक्य

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून सगळ्यांनाच मेल टाकतेय.

काल ऑफिसच्या मेल-ग्रुपवर मी लिहिलं होतं, "तळवलीला कंपनीची बस थांबवू नका, असं म्हणणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे." उत्तर देताना सावंतांनी माझं वाक्य 'थांबवू नका' इथेच कापलं आणि खाली लिहिलं, "सहमत."

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे मेलचे प्रिंट बोर्डावर लावतात. आज सकाळी तिथे माझ्या नावासकट तेवढंच अर्धं वाक्य!

दुपारी पॅकिंगमधल्या वनिताताईंनी दुसऱ्या टेबलावर डबा उघडला. त्या तळवलीच्याच. पाच वर्षं आम्ही एकत्र जेवतोय. विचारलं तर म्हणाल्या, "बोर्डावर तुजंच नाव हाय ना?"

धावत जाऊन मूळ मेलचा प्रिंट आणला. त्यांनी वाचला, मान हलवली, पण टेबल काही बदललं नाही.

सावंत म्हणतात, "अहो, मेल छोटा राहावा म्हणून कापलं. टेन्शन कशाला घेता?"

छोटा करा ना! पण माझ्या तोंडी भलतंच घालून?

आणि मंडळी, माझा पूर्ण मेल तर तुम्ही सगळ्यांनी वाचला होता. मग बोर्डासमोर एकालाही बोलावंसं वाटलं नाही?