माफ केलेला तंबोरा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, आणि कुणी वाचलंच नाही तर जास्त बरं. आमच्या महानंदाबाई गेल्या त्याला सव्वा महिना झाला. लातूरचा संगीत शिक्षक संघ त्यांच्यावर स्मरणिका काढणार आहे म्हणे. ज्यांना लेख मागितलेत त्यांतल्या दोघांना बाईंचं घर कोणत्या गल्लीत होतं तेसुद्धा माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही, बरोबरच आहे. वीसपंचवीस वर्षं मी बाईंच्या विद्यार्थ्यांमागे बसून तंबोरा छेडला. पण तंबोरा धरणाऱ्या बाईचं नाव पत्रिकेत येत नसतं. म्हणून हे बाईंच्या क्लासच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. खाटेवर पडूनच त्यांनी विचारलं, "तंबोरा आणलास का गं?" मी म्हटलं, "संघाच्या खोलीला कुलूप हाय बाई. उद्या आणते." "उद्या म्हणजे त्यांचा कंचा वार?" असं म्हणून त्या हसल्या आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या... दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोचिंगच्या पोरांचे डबे भरत होते. बाईंची शेजारीण अनवाणीच दारात येऊन उभी राहिली. मी डब्यात पोळ्या घालत राहिले. चाळीस पोरं उपाशी ठेवून रडता येत नाही.

बाईंचा तंबोरा बाईंच्या घरात का नव्हता, हे सांगायचं तर भूकंपापर्यंत मागं जावं लागतं. आमचं गाव औसा तालुक्यातलं. माझं घर, नवरा, सासू, सगळं एकदमच गेलं. त्यावर मी इथं लिहिणार नाही. लातूरला भावाकडे आले आणि बाईंची धुणीभांडी धरली. बाईंच्या घराला नुसती चीर पडली होती, पण भिंतीवर टांगलेला तंबोरा खाली येऊन त्याचा भोपळा फुटला होता. मला म्हणाल्या, "अनुसया, तुझ्यापुढं हे फुटलं म्हणून सांगायची बी लाज वाटते गं." सगळं गाव तेव्हा आपापल्या चिरा दाखवत फिरत होतं. लाज वाटलेलं हे एकच माणूस मी पाहिलं. भांडी घासताना मी गुणगुणायचे ते म्हणे आतल्या पेटीच्या सुरातच असायचं. एक दिवस बाईंनी मला हात पुसायला लावले आणि क्लासमध्ये बसवलं.

संघ तेव्हा नवीन होता. शिक्षकांना आधार, विद्यार्थ्यांना संधी, असं त्यांच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. त्यांनी भूकंपग्रस्त कलाकारांसाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवला, तिकिटं खपवली आणि बाईंना नव्या तंबोऱ्यासाठी मदत दिली. हार घातला, पाकीट देतानाचा फोटो काढला. मिरजेहून तंबोरा आला. दोन महिन्यांनी चिठ्ठी आली, की ती मदत नव्हती, उचल होती. उचल फिटेपर्यंत तंबोरा संघाचा. तो संघाच्या खोलीत राहील, बाईंनी वहीत सही करून क्लासपुरता न्यावा आणि परत आणून ठेवावा. माणसाला आधी हार घालायचा आणि मग वसुली काढायची, ही शिकल्या-सवरल्यांची रीत मला तेव्हा कळली.

त्यांची दुसरी रीत सुराची. बायकांचा तंबोरा लहान असतो, तारा बारीक, वरच्या पट्टीत लागणाऱ्या. संघाच्या अध्यक्ष सरांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी, पुरुषी, खालची. संघाच्या कार्यक्रमाला सकाळी सगळे तंबोरे त्यांच्या पट्टीत लागले की लागले. दिवसभर येईल त्या पोरीनं त्याच पट्टीत गायचं. वेळ वाचतो म्हणे. वरच्या काळी चारमध्ये गाणाऱ्या पोरी तिथं बसल्या की आवाज पोटात जायचा, आणि परीक्षक कागदावर लिहायचे, आवाजात जोर नाही. एवढे पदव्या घेतलेले गवई, पण जोर कुठं गेला हे कुणालाही उमगलं नाही. बाई मात्र आपला विद्यार्थी आला की स्टेजवर चढायच्या, खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायच्या, त्या पोराच्या गळ्याला तंबोरा लावून द्यायच्या, आणि मगच खाली उतरायच्या.

एका वर्षी संघाची मोठी स्पर्धा नांदेडला होती. बाईंनी रुखसानाला नेलं. मणियार गल्लीतल्या बांगडीवाल्याची ही पोर, तेव्हा आठवीत होती. एसटीत तंबोरा माझ्या मांडीवर आडवा. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं हाफ तिकीट काढा." बाई म्हणाल्या, "काढते की. तुमच्यापरीस सुरात बोलतो त्यो." स्पर्धेत एकेकाला सात मिनिटं होती. रुखसानाचं नाव पुकारलं तशा बाई वर गेल्या आणि तंबोरा लावत बसल्या. अध्यक्ष सर माइकवरून म्हणाले, "बाई, घड्याळ चालून राहिलंय."

"चालू द्या. त्याला गायचं न्हाई."

लोक हसले. पाच मिनिटं लावण्यात गेली. रुखसाना गायला लागली आणि घंटा वाजली तेव्हा ती नुकती वरच्या सा वर पोचली होती. तिनं घंटा ऐकली, पण सा सोडला नाही. दुसरी घंटा झाली. मग अध्यक्ष सरांनी स्वतः उठून माइक बंद केला, आणि पोरगी माइकशिवाय ऐकू येते हे सगळ्यांना कळलं. नियम मोडला म्हणून तिचं नाव कापलं. पहिला नंबर अध्यक्षांच्या विद्यार्थ्याला मिळाला. अध्यक्षांची पट्टी, अध्यक्षांचं घड्याळ, दुसरं काय होणार? परतताना एसटीत रुखसानानं हळूच विचारलं, "बाई, मेरा नंबर गया ना?" बाई म्हणाल्या, "गेला. आवाज हाय ना? मग झालं."

पुढं लातुरात कोचिंगचं पीक आलं. "दहावी झाली की परत पाठवतो बाई," असं म्हणून आईबाप पोरं काढून न्यायचे. दहावीनंतर बारावी यायची. एकही परत आलं नाही. पोर डॉक्टर झाल्यावर गायला बसवू, असं मला एका बापानं रस्त्यात अडवून सांगितलं होतं, जसं काही गळा कपाटात ठेवता येतो. संघानं आपली अर्धी खोली क्लासवाल्यांना भाड्यानं दिली. तंबोरा फिजिक्सच्या गाइडांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवलेला असायचा. बाईंकडे तीन विद्यार्थी उरले आणि उचलीचे हप्ते थांबले. अठराशे रुपयांची बाकी राहिली. मी त्याच क्लासच्या पोरांचे डबे करायला लागले होते, दोन पैसे हातात होते. म्हटलं, "बाई, मी भरते." त्या म्हणाल्या, "न्हाई. ज्यानं घेतलं त्यानं फेडायचं."

मला बाईंचाही राग येतो. दर वर्षी संघाच्या बैठकीचं पत्र आलं की त्या ठेवणीतलं लुगडं काढायच्या, पुढच्या रांगेत बसायच्या, आणि चहा आला की कृतार्थ व्हायच्या. एवढ्या तिखट तोंडाची बाई, पण त्या लोकांनी "या बाई" म्हटलं की विरघळायची. मी मागं भिंतीला टेकून बघत राहायचे. मीसुद्धा कधी तोंड उघडलं नाही, तेव्हा मी तरी काय मोठी.

मग शोकसभा झाली. फोटोशेजारी तंबोरा उभा केला होता, त्यालाही झेंडूचा हार. कुणीतरी छेडत होतं, पट्टी काळी एक. तारा इतक्या सैल की आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. अध्यक्ष सर खूप बोलले. शेवटी म्हणाले, "बाईंकडची बाकी संघानं मोठ्या मनानं माफ केली आहे. हा तंबोरा आता बाईंची स्मृती म्हणून कायम संघाच्या खोलीत राहील." टाळ्या पडल्या. रुखसाना आता नांदेडला शाळेत संगीत शिकवते, ती सकाळच्या गाडीनं आली होती. माझा हात धरून म्हणाली, "मौसी... टाळ्या?" मी म्हटलं, "हाव. टाळ्या."

आता तो तंबोरा माझ्या खोलीत आहे, डब्यांच्या मांडणीशेजारी. रविवारी रुखसाना येते, तिच्या पट्टीत लावते. तो इथं कसा आला तेवढं लिहून थांबते. शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी संघाच्या खोलीत गेले. चार पुरुष बसले होते. माझ्या पदरात बाकीचे अठराशे रुपये होते आणि ती जुनी चिठ्ठीही होती. अध्यक्ष सर म्हणाले, "अहो मावशी, ते माफ झालंय. ठेवा पैसे, डब्याला लागतील."

मी चिठ्ठी पुढं केली. "ह्यात 'फिटेपर्यंत तंबोरा संघाचा' लिहिलंय सर. 'माफ होईपर्यंत' असं न्हाई लिहिलेलं."

अध्यक्ष सरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि पावती फाडून दिली. मी कोपऱ्यात गेले, तंबोऱ्याचा वाळलेला हार काढला, मग पावती वाचली. वर माझं नाव, खाली लिहिलं होतं, 'स्मृतिनिधीस देणगी'. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण देणगी आणि फेड यातला फरक मला वाचता येतो. मी पावती परत टेबलावर ठेवली. म्हटलं, "बाईंच्या नावानं लिहा." मग खाली बसून खुंट्या पिळू लागले. त्यांना वाटलं असेल मी जाईन. मी गेले नाही. चारही तारा काळी चारला लागेपर्यंत त्यांनी दुसरी पावती लिहिली होती. तिच्यावर बाईंचं पूर्ण नाव आहे, आणि खाली लिहिलंय: सर्व रक्कम मिळाली, बाकी काही नाही.