लताबाईंचा लेख

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी एटापल्लीला शिक्षक होतो — मूळचा नागभीडचा, खोली घेऊन एकटा राहायचो. शाळा सुटली की बोलायला माणूस नसे. तालुक्यातल्या शिक्षकांचं महिन्याचं एक पत्रक निघायचं. स्टेन्सिल कापणं, सायक्लोस्टाइलवर त्याच्या प्रती काढणं माझ्याकडे. लेख कुणी देत नसे. एका महिन्यात तर मधलं पान कोरंच राहिलं.

त्याच सुमारास एका साप्ताहिकात गोंडपिपरीच्या लताबाई नावाच्या नर्सचा लेख आला होता. त्यांची माय धानाच्या बांध्यांत राबणारी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर, चाळिशीत, वस्तीतल्या शाळेत बसून अक्षरं शिकलेली. माय गेल्यावर लिहिलेला, फार साधा लेख. मी तो जसाच्या तसा उतरवला. तेवढं चाललंही असतं — एक पोस्टकार्ड टाकून विचारायचं, खाली त्यांचं नाव लिहायचं, साप्ताहिकाचं लिहायचं. जागा उरली नव्हती, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. जागा होती. तिथे मी माझं नाव लिहिलं.

आणि — जसाच्या तसा म्हणालो, तेही खरं नाही. दीक्षेचं वाक्य गाळलं. आमच्या घराला ते जुळलं नसतं. मग चुकून झालं, असं कसं म्हणू?

पत्रक वाटलं, आणि शाळेचे शिपाईभाऊ खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "गुरुजी, तुमच्या मायचं पोरीनं वाचून दाखवलं. मले माही माय आठवली." मी त्यांना चहा केला. त्या खोलीत दुसऱ्या कुणासाठी केलेला तो पहिला चहा. तेव्हाच खरं सांगायचं होतं. पण मग ते पुन्हा आले असते?

माझी आई तेव्हा नागभीडला धडधाकट होती.

काही महिन्यांनी लसीकरणाच्या कामावर लताबाई एटापल्लीला आल्या. शिपाईभाऊच त्यांना कौतुकानं शाळेत घेऊन आले — हे आमचे लिहिणारे गुरुजी. पत्रक हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. मी खाली बघत होतो.

"तुमची माय कधी गेली, गुरुजी?"

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

"माही मागच्या साली गेली."

पत्रकाची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि निघाल्या. कुणाजवळ काही बोलल्या नाहीत. का बोलल्या नसतील?

पुढच्या अंकात दोन ओळी छापता आल्या असत्या. मी पत्रकच बंद केलं. स्टेन्सिल मिळत नाही, म्हणालो. शिपाईभाऊ येत राहिले, मायबद्दल विचारत राहिले, आणि मी दर वेळी काहीतरी नवं रचून सांगत राहिलो. ते समोर बसलेले असायचे, आणि मी — पूर्वीपेक्षाही एकटा.

मग बदली झाली. लताबाईंना पत्र लिहायला काही अडचण नव्हती. मी लिहिलं नाही. त्या आज आहेत की नाहीत, याची चौकशीही कधी केली नाही.