माझा अंबाडा आणि सुलभाची जागा

सुलभा गेली, हे तिच्या मुलीने इथल्याच, शारजाच्या रोल्ला भागातून फोन करून सांगितलं. मी काय बोलावं? "असं कसं, संध्याकाळी प्रॅक्टिस आहे तिची!" जातानासुद्धा या बाईने मला विचारलं नाही... त्याच आठवड्यात आमच्या पुण्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक यादी आली: बास्केटबॉल संघाने आजवर निवडलेल्या सर्वांत नावाजलेल्या मुली. तिसरं नाव माझं. सुलभाचं नाहीच.

आता खरं सांगते. मला खेळाडू म्हणून कॉलेजात फुकट जागा आणि होस्टेल मिळालं ते उंचीवर. सर भिंतीशी उभं करून डोक्यावर पट्टी टेकवत. मी अतिशहाणी, गंगावन घालून वीतभर उंच अंबाडा बांधून गेले. सरांनी अंबाड्यासकट मापलं! 'टॉवर आली' म्हणून कॉलेजभर बोभाटा, आणि टॉवरला बॉल झेलता येईना. तीन वर्षं मी कोर्टवर खांबासारखी उभी, आणि डोळे मिटून बास्केट टाकणारी बुटकी सुलभा बाकावर, सगळ्यांचे टॉवेल सांभाळत.

पुढे दोघीही मुलांच्या मागे शारजाला आलो. शेजारच्या दुबईत, अल क्वोजमधल्या एका गोदामातल्या कोर्टवर ती दर शनिवारी मुलींना शिकवायची. माझी नात इरा त्यांतलीच. सुलभा जायच्या पंधरा दिवस आधी तिथेच मी धीर करून अंबाड्याचं सांगून टाकलं. ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, "खलास? एवढंच? रांगेत तुझ्या मागेच होते मी. गंगावनाचा दोरा लोंबत होता."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"घरी तुझं लग्न ठरवत होते. तुला होस्टेल हवं होतं. माझं काय, घर शहरातच होतं... यल्ला, ऊठ, मुली आल्या."

असा संताप आला! पन्नास वर्षं मी उराशी ओझं घेऊन बसले, आणि ही मजेत गप्प.

ती गेल्यावर ग्रुपवर सगळं लिहिलं. अंबाडासुद्धा. माझं नाव काढा, सुलभाचं घाला. उत्तर आलं, "काय हा विनय, मॅडम!" खाली टाळ्यांची रांग. कपाळ!

परवा कोर्टवर गेले. एक नवी मुलगी आली होती, लहानखुरी, आईच्या मागे लपलेली. इरा कुजबुजली, "आजी, शी इज टू शॉर्ट." सुलभा नव्या मुलीला आधी बॉल द्यायची, नाव मागून विचारायची. मी बॉल उचलून टाकला. पोरीने झेलला.

"हं," मी इराला म्हटलं, "आता विचार नाव."