शिरीषच्या होडीची वाकडी फळी

अंबरनाथ पश्चिमेला राहून होडी बाळगली की किस्से शोधावे लागत नाहीत. "समुद्र कुठाय?" या पहिल्याच प्रश्नापासून ते साठायला लागतात. माझा मित्र शिरीष एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने शिडाची छोटी होडी बांधली. वांगणीला त्याचं शेतघर आहे, मागे तलाव. कॅप्टन तो, खलाशी मी. बाकी कोणी, अगदी त्याची बायको मंदावहिनीसुद्धा, तयारच झालं नाही!

*

अशा होडीच्या तळाला मधोमध एक फट असते. तिच्यातून एक उभी फळी पाण्यात सोडतात, सेंटरबोर्ड म्हणतात तिला. ती नसली तर वारा होडीला खेकड्यासारखं आडवं नेतो. शिरीषची फळी अस्सल सागाची. पण अख्खा सीझन ती शेतघराच्या मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. एका अंगाला ओल, दुसऱ्या अंगाला ऊन. फळीने छान बाक घेतला आणि आम्हाला पत्ताच नाही!

होडी पाण्यात गेली आणि सारखी डावीकडे वळायला लागली.

"तुझं वजन डावीकडे पडतंय!" शिरीष ओरडला.

मी उजवीकडे सरकलो. होडी डावीकडेच.

"मग मनातल्या मनात डावीकडे बसलायस!"

काठ जवळ आला तशी फळी वर ओढायला गेलो, तर ती फटीत घट्ट अडकलेली. होडी चिखलात रुतली. आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती ओढायला लागलो, खाली फळी चिखल उकरतेय! काठावर म्हशी धुणाऱ्या गाववाल्याने शांतपणे विचारलं,

"सायेब, होडी हाय का नांगर?"

*

फळी रिक्षात घालून उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटला नेली. तिथे आमच्या ओळखीच्या लच्छूभाईचं दुकान आहे. त्याने एक डोळा मिटून, बंदुकीसारखा नेम धरून फळी पाहिली.

"साईं, ये फली नहीं, पापड़ है. तल के खाओ!"

शिरीष दुखावला. "मी हिलाच सरळ करणार!"

लच्छूभाईने मला बाजूला घेतलं. "भाभी से पूछो, टेढ़ी चीज़ सीधी होती है क्या? उनका तो पुराना एक्सपीरियन्स है."

*

शिरीषने व्हिडिओ बघून उपाय शोधला. फळीची खोलगट बाजू खाली, ओल्या गोणपाटावर. फुगीर बाजू वर, उन्हात. खालची बाजू पाणी पिऊन फुगते, वरची सुकून आक्रसते आणि बाक हळूहळू उतरतो. हे सगळं बिल्डिंगच्या गच्चीवर. दुपारी ऊन फार झालं, फळी तडकेल म्हणून त्याने वर पांढरी चादर पांघरली. वाऱ्याने उडू नये म्हणून डोक्याशी आणि पायाशी विटा!

शेजारच्या काकू पापड वाळत घालायला वर गेल्या आणि किंचाळतच खाली आल्या. अर्धी बिल्डिंग गच्चीवर गोळा झाली. तेवढ्यात शिरीष हातात पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"कधी झालं हो?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

"अहो, परवापर्यंत फार वाईट होती," शिरीष म्हणाला, "आज बरीच सरळ झालीय. अजून आशा आहे!"

*

फळी खरंच सरळ झाली! मग ती पूर्ण वाळू दिली आणि दोन्ही अंगांना, कडांनासुद्धा, सारखंच वार्निश मारलं. एकच बाजू रंगवली तर दुसरी ओल पिते आणि पुन्हा बाक. आता ती भिंतीला टेकवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, सरळ टांगायची. घरभर जागा शोधून शिरीषने ती बेडरूममध्ये टांगली. लग्नाचा फोटो उतरवून!

मी चहाला गेलो तेव्हा मंदावहिनी फळीकडे बघत होत्या.

"भावजी, माझी कंबर वाकली ती ह्यांना दिसली नाही. तिला कधी वार्निश नाही मारलं!"

*

आणि हा किस्सा अण्णांचा. अण्णा म्हणजे शिरीषचे वडील. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी शिडाच्या होड्यांवर काम केलेले. आता नजर अधू, बोलणं कमी, मधेच कुठल्या काळात जातील सांगता येत नाही. शिरीषला त्यांना एकदा स्वतःच्या होडीत बसवायचं होतं. अण्णांचे गुडघे बरे असेपर्यंत जमायला हवं, म्हणून त्याची घाई चाललेली.

दोघांनी धरून त्यांना बसवलं. वारा भरला. होडी रेषेत निघाली. अण्णांनी शिडाची दोरी शिरीषच्या हातातून काढून घेतली, डोळे मिटले. मी इतका सरळ प्रवास त्या तलावात कधी केला नव्हता. शिरीष शाबासकीची वाट बघत नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

पलीकडचा काठ आला. "अण्णा, पोचलो. उतरायचं ना?"

अण्णांनी डोळे न उघडताच मान हलवली.

"हय नको. माजो गाव अजून फुडे आसा."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं आणि होडी वळवली. त्या दुपारी आम्ही तलावाचे सगळे काठ पाहिले. प्रत्येक काठाला अण्णा तेवढंच म्हणायचे,

"फुडे."