सशाचं पथ्य

माझ्या सासऱ्यांना उभ्या जन्मात कोणी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही, हे पंधरा आणे खरं आहे. उरलेल्या एका आण्याचं पुढे सांगतो. वटारला त्यांची केळीची वाडी होती, आणि तिच्यात ते पहाटेपासून असे भिरभिरत, की मालक आत्ता कुठे आहेत हे एकाही गड्याला छातीठोकपणे सांगता येत नसे. आमच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी भटजींनी त्यांना हाताला धरून तीनदा पाटावर बसवलं. चौथ्यांदा ते उठले ते मांडवाच्या दाराशी बांधलेली केळ कलती दिसली म्हणून. ती सरळ होईपर्यंत मंत्र तसेच अर्ध्यावर थांबले.

लग्न करून बायको वसईला आमच्या घरी आली ती एक ट्रंक आणि एक ससा घेऊन. रेल्वेतल्या कुणा गार्डसाहेबाने बदलीवर जाताना तिला तो दिला होता. पांढरा शुभ्र, नाव कापशा. मांडीवरची झाकलेली टोपली पाहून आमच्या आळीतल्या बायकांना आत रुखवताचे लाडू असतील असं वाटलं होतं. लाडवांनी कान हलवल्यावर दोघी-तिघी किंचाळल्या. आता आमच्याकडची रीत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. शिवाय कामाशिवाय लेकीच्या सासरी जाणं तर फारच वाईट दिसतं. ज्या माणसाला घटकाभर एका जागी राहवत नाही, त्याची एकुलती एक लेक तीन कोसांवर, आणि जायला कारण नाही! लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोच ते दारात हजर. काखेत गवताचा भारा.

"सशाचा चारा आनलाय जावईबापू," ते म्हणाले. "तुमच्याकडे कुठे मिलनार?"

वसईत गवत उगवत नाही हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून दर रविवारी, भुईगाववरून चालत, भारा आलाच. येताना बांधावरची हरळी ते निवडून कापत आणि दव असेल तर सावलीत पसरून सुकू देत. ओल्या चाऱ्याने सशाचं पोट फुगतं. सशाला गवत पोटभर, पाला मूठभर आणि फळ बोटभर, असा त्यांचा वेद होता. दात सारखे वाढतात म्हणून चावायला पेरूची काडी, आणि पाणी रोज ताजं. हे सगळं ते ओटीवर येरझारा घालत सांगत. माजघरातून पाण्याचा तांब्या आला, की "नको नको, पानी नको, आताच प्यालो" असं म्हणत दोन पावलं मागे सरकत. वाटेत कुठे प्याले, हे आम्ही कधी विचारलं नाही. मग थेट परसात जाऊन खुराड्यातल्या लेंड्या ते हातात घेऊन बघत. गोल, कोरड्या आणि भरपूर असल्या तर आठवडा चांगला गेला. तेवढ्यात बायको मागच्या दारी यायची आणि बापलेक सशावर बोलायची. दुसरं काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

घोटाळा केला तो माझ्या आईने. ससा सुनेच्या माहेरचा, म्हणजे एका अर्थी पाहुणाच. "माहेरचं मुकं जनावर उपाशी ठेवलं म्हणतील," म्हणून युद्धाच्या त्या टंचाईत, आम्ही घास मोजून खात असताना, तिने कापशाला पोळीचा कुस्करा आणि उन्हात वाळवलेल्या केळ्यांची गोड सुकेळी चारली. केळ्यांच्या मुलखात प्रेम दाखवायची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती. रविवारी सासऱ्यांनी लेंड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. विहीणबाईंना बोलायची सोय नव्हती. ते खुराड्यापुढे वाकले आणि सशाला म्हणाले, "काय रे, लाज नाय वाटत? लेकीच्या घरी आपन पानी घेत नाय, नि तू सुकेली खातोस?"

आई दाराआड उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, आणि त्या दिवसापासून कापशाचं पथ्य तिने उपासासारखं पाळलं.

तिसऱ्या पावसाळ्यात कापशा गेला. काही झालं नाही, म्हातारा झाला होता. आम्ही त्याला जास्वंदीखाली पुरलं. बायको ढसाढसा रडली आणि मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "दादांना सांगायचं नाही. ससा नाही म्हटल्यावर ते कशाला येतील?" आईने मान हलवली आणि रिकाम्या खुराड्यावर गोणपाट टाकलं.

रविवारी ते भिजत आले. भारा ओटीवर ठेवला, लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज मागं नाय जात. पाय चिखलाचे हायत." पुढे ऊन पडलं, रस्ते वाळले, तरी ते परसात कधी गेले नाहीत. भारा मात्र चुकला नाही. "खाल्लं हो सगळं, काडी ठेवली नाही," असं आई दर वेळी न विचारता सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. शेजारच्यांची शेळी त्या वर्षी दारात मावेनाशी झाली. ते येरझारा घालत बजावायचे, "ओलं देऊ नको. वेलेवर दे. नि तू पन वेलेवर जेव, बाय."

पुढे बायको बाळंतपणाला वटारला गेली. पाच महिने राहिली. आमच्या हिशेबी ससा इथेच होता, पण त्या पाच महिन्यांत चारा घेऊन कोणी आलं नाही. मी विचारलं नाही, आईनेही नाही. ती मुलीला घेऊन परतली आणि पहिल्याच रविवारी भारा हजर झाला. जुनी माणसं म्हणाली, नातू झाला तरच पाणी घ्यावं. "नातवंड ते नातवंड," सासरे म्हणाले, आणि ओटीवर चक्क मांडी घालून बसले. तोच तो एक आणा. अख्खा तांब्या ते हळूहळू प्याले. नात मांडीवर होती. मग लेकीकडे न बघता त्यांनी विचारलं, "सशाला पुरतो ना गं चारा?"

"पुरतो, दादा," ती म्हणाली.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या मांडीवरच्या नातीला आम्ही यंदा जूचंद्रला दिली. लांब नाही, पण मला काही काम निघत नाही. रविवारी सकाळी मी ओटीवर येरझारा घालत असतो. परवा बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक ससा तरी द्यायचा होता तिला."